मदत हवी आहे: 'मॅड मेन'चे चारच भाग निवडायचेत, कोणते?

शाईचा_डाग
रविवारी आमच्या गटात 'मॅड मेन'वर, म्हणजे १९६० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या जाहिरात एजन्सीवरच्या अमेरिकन मालिकेवर, चर्चा आहे. चार भाग ठरवून आज रात्रीच सगळ्यांना कळवायचे आहेत. नेटवर याद्या ढिगाने आहेत, पण प्रत्येकीत वेगळे भाग, त्यात निम्मे शेवटच्या सीझनमधले. दोघांनी पहिला भाग बघून 'यात काही घडतच नाही' म्हणून सोडून दिलंय. मालिका थोर आहे की नाही ते कृपया इथे नको. सीझन आणि भाग, एवढे आकडे द्या.

टेबललॅम्प
देतो, पण आधी सांगा: एकत्र बसून बघणार की आपापल्या घरी? किती जणांनी मालिका पूर्ण पाहिली आहे? चर्चा कशावर आहे, जाहिरातीच्या धंद्यावर, १९६० च्या अमेरिकेवर की पात्रांवर? एक भाग साधारण ४७-४८ मिनिटांचा, म्हणजे चार भागांना सव्वातीन तास. सलग बघणार असाल तर निवड वेगळी होईल. एकूण ९२ भाग आहेत, त्यामुळे नुसते आकडे देऊन भागणार नाही.

ऐंशी_स्लाइड
सीझन १, भाग १३. बाकीचे तीन कुठलेही घ्या. कोडॅकची माणसं गोल ट्रे असलेला प्रोजेक्टर घेऊन येतात, त्यांना त्याला 'चाक' म्हणून विकायचं असतं. डॉन, म्हणजे एजन्सीत जाहिराती रचणारा मुख्य माणूस, स्वतःच्या बायकामुलांचे फोटो त्यात घालतो आणि त्या यंत्राचं नावच बदलून टाकतो. ट्रे एक घर पुढे सरकतो, स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली उतरते, खट्ट आवाज होतो, पडदा क्षणभर काळा. बोलण्यातला प्रत्येक थांबा त्या खट्टवर बेतलेला आहे. मालिका आवडणार की नाही ते त्या पाच मिनिटांत कळतं.

टंकगोळा
ऐंशी_स्लाइड, तो प्रसंग सुटा दाखवला तर उलटा परिणाम होतो. आधीचे बारा भाग त्याने ते घर कसं वागवलंय हे ठाऊक नसेल, तर ती एक छान भावुक जाहिरात वाटते आणि लोक डॉनच्या प्रेमात पडून उठतात. 'नॉस्टॅल्जिया' म्हणजे जुन्या जखमेची वेदना, हा त्याने सांगितलेला अर्थही चुकीचा आहे. ग्रीकमध्ये नोस्टोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे दुखणं, आणि १६८८ मध्ये एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यांचा जोडशब्द केला. जखम त्यात कुठेच नाही. शिवाय तो प्रोजेक्टर बाजारात आला १९६१ मध्ये आणि हा भाग घडतो नोव्हेंबर १९६० मध्ये.

ऐंशी_स्लाइड
बाजारात येण्याआधीच तर जाहिरात ठरते! एजन्सीकडे वस्तू काही महिने आधी येणारच. ही चूक धरता येत नाही.

टंकगोळा
ते मान्य. मग टाइपरायटर धरा. पहिल्या भागात पेगी या डॉनच्या नव्या सेक्रेटरीच्या टेबलावर आयबीएमचं सिलेक्ट्रिक आहे. मार्च १९६० चालू आहे आणि सिलेक्ट्रिक आलं जुलै १९६१ मध्ये. वेगवेगळ्या अक्षरदांड्यांऐवजी एकच फिरता गोळा आणि त्यावर ८८ अक्षरं, म्हणून लगेच ओळखू येतं.

शाईचा_डाग
टाइपरायटर राहू द्या हो. सगळे घरीच बघणार आहेत, रविवारी फक्त बोलायचं आहे. आठ जण, पूर्ण मालिका कोणीही पाहिलेली नाही. मी स्वतः दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आहे. विषय: जाहिरात.

फायलींचं_कपाट
आता कळलं. मग सीझन ३, भाग १३. डिसेंबर १९६३. एजन्सी आधीच लंडनच्या कंपनीने घेतलेली असते आणि आता दोन्ही मिळून मॅकॅन एरिक्सन या बड्या एजन्सीला विकल्या जाणार असतात. कराराने बांधलेले भागीदार स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत. पण लंडनच्या कंपनीचा इथला माणूस लेन प्राइस, त्याला लोकांना काढायचा अधिकार आहे. तो शुक्रवारी त्यांना कामावरून काढतो, करार तुटतो, आणि लंडनला सोमवारपर्यंत पत्ता लागत नाही. शनिवार-रविवारात फायली आणि ग्राहक बाहेर. 'काही घडत नाही' म्हणणाऱ्यांना हाच दाखवा. त्यातून धंदाही समजतो. पीटला का घेतलं? त्याच्याकडे ग्राहक आहेत. हॅरीला? त्याला टीव्हीवरच्या वेळेची खरेदी कळते. जोनला? कुठली फाइल कुठे आहे हे एकट्या तिला माहीत आहे.

टेबललॅम्प
अहो, ते दुसऱ्या सीझनमध्ये आहेत म्हणाले आणि तुम्ही तिसऱ्याचा शेवट सांगून मोकळे झालात. निदान वर 'रसभंग' तरी लिहायचं.

शाईचा_डाग
रसभंग चालेल. यादी महत्त्वाची.

जुनी_दौत
जाहिरातीवरच चर्चा असेल तर आपलंही थोडं घ्या. न्यूयॉर्कची ही गोष्ट चालू असतानाच, १९६१ मध्ये, मुंबईत बाळ मुंडकूर यांनी उल्का ही जाहिरात एजन्सी काढली. अमूलच्या ठिपक्यांच्या फ्रॉकवाल्या मुलीची मोहीम १९६६ ची, सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांची. टीव्ही हाताशी नाही, म्हणून सगळा भर फलक आणि छापील पानावर. त्याच काळात तिकडे एजन्सीत टीव्हीचा वेगळा विभाग उभा राहत होता. ही तुलना चर्चेत रंगेल.

फायलींचं_कपाट
जुनी_दौत, विषय चांगला आहे, पण त्याला वेगळा रविवार लागेल.

दोन_कॉलम
चारही भाग पहिल्या सीझनचेच घ्या: १, ६, ८, १३. या चारांत एक धागा सलग मिळतो, पेगीचा. पहिल्या भागात ती नवी सेक्रेटरी. सहाव्यात लिपस्टिकची चाचणी: सेक्रेटरींना एका खोलीत बसवून पेटीभर रंग पुढे ठेवतात आणि पुरुष आरशासारख्या काचेमागून बघतात. पेगी काहीच लावत नाही, कारण तिचा रंग आधीच कुणीतरी उचललेला असतो. मग ती म्हणते की पेटीतल्या शंभर रंगांपैकी एक व्हायला कुणालाच आवडत नसेल. एजन्सीत जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या फ्रेडीचे कान टवकारतात. आठव्यात त्याच वाक्यातून पूर्ण जाहिरात उभी राहते, ग्राहक नाक मुरडतो, आणि डॉन त्याला दाराचा रस्ता दाखवायला निघतो. तेराव्याच्या शेवटी पेगी कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारी, होते. निरीक्षण, वाक्य, विक्री, पद: एका जाहिरातीचा सगळा प्रवास आहे हा. कोणत्याही यादीतले सुटे 'सर्वोत्तम' भाग हे देऊ शकत नाहीत.

ऐंशी_स्लाइड
म्हणजे तेरावा आलाच.

दोन_कॉलम
आला, पण शेवटी. चाकासाठी मी तो घेतला नाही, पेगीसाठी घेतला. आणि सोडून गेलेल्या त्या दोघांना एक काम द्या: तिसऱ्या भागातला फक्त फोक्सवॅगनच्या 'लेमन' (म्हणजे सदोष निघालेली गाडी) जाहिरातीचा प्रसंग बघायला सांगा. ती जाहिरात खरी आहे, १९६० ची, डॉइल डेन बर्नबाक एजन्सीची. गाडीचा फोटो, खाली एकच शब्द आणि मग मजकूर: हातमोज्यांच्या कप्प्यावरच्या क्रोम पट्टीला डाग होता म्हणून ही गाडी अडवली, तपासायला कारखान्यात ३,३८९ माणसं आहेत, रोज गाड्या बनतात ३,०००. डॉनच्या खोलीत सगळे त्यावर तोंडसुख घेतात, पण हातातून मासिक सुटत नाही. डॉन म्हणजे त्या काळाचा सर्वात पुढचा माणूस असं समजून लोक पहिला सीझन बघतात, तिथेच गाडी अडते. ही एजन्सी मागे पडलेली आहे. बर्नबाकने लेखक आणि चित्रकार यांना एका खोलीत बसवलं होतं. इथे शब्द आधी ठरतात आणि साल नावाचा चित्रकार नंतर चित्र काढून आणतो. ही ढासळण पहिल्या भागापासून चालू आहे, फक्त ती कुणी बोलून दाखवत नाही.

पंधरा_टक्के
यादी कोणतीही घ्या, पण एजन्सीला पैसे कुठून मिळतात हे आधी सांगा, नाहीतर निम्मे वाद कळणार नाहीत. तेव्हाची रूढ पद्धत १५ टक्के कमिशनची. ग्राहकाने टीव्ही-मासिकांत १० लाख डॉलरची जागा घेतली, तर एजन्सी त्याच्याकडून १० लाख घेते, माध्यमांना साडेआठ देते, दीड लाख स्वतःला ठेवते. म्हणजे डॉनच्या शब्दांची वेगळी किंमत लागतच नाही, ते जागेबरोबर जातात. म्हणून ग्राहक सांभाळणारा रॉजर किंवा पीट, डॉनला कितीही हलका वाटला, तरी त्याचं वजन कमी होत नाही. आणि म्हणून लकी स्ट्राइक सिगारेट हा एकटा ग्राहक सगळं कार्यालय हलवू शकतो.

शाईचा_डाग
१, ६, ८, १३ पटलं. पण चारही एकाच सीझनचे घेतले तर मालिका पुढे कुठे जाते ते दिसणार नाही, ही तक्रार नक्की येणार. एक पुढचा घ्यायचा तर कोणता, आणि काय काढायचं?

फायलींचं_कपाट
सी ३ भा १३. आधीच सांगितलं.

टंकगोळा
नाही. तो कळायला सहा माणसांची ओळख लागते. सी ४ भा ७ घ्या, 'द सूटकेस'. जवळजवळ सगळा भाग दोनच माणसांचा, आणि त्यातली एक पेगी. २५ मे १९६५, अली-लिस्टन मुष्टियुद्धाच्या सामन्याची रात्र, पेगीचा वाढदिवस, आणि सॅमसोनाइटची जाहिरात अडलेली. आठवा काढा. लिपस्टिकचं पुढे काय झालं ते दोन वाक्यांत सांगता येतं.

दोन_कॉलम
आठवा काढायला माझा विरोध आहे. वाक्य सुचणं सोपं, ते विकणं कठीण, आणि विकताना दिसतं ते फक्त आठव्यात. पण चारच घ्यायचे असतील तर सूटकेसला जागा द्यावी लागेल हे मानतो.

लहान_पडदा
चौथ्या सीझनपर्यंत मालिका ३५ मिमी फिल्मवर आहे, पाचव्यापासून डिजिटल. घरच्या टीव्हीवर 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करायला सांगा, नाहीतर फिल्मचा पोत जाऊन सगळं स्टुडिओतल्या नाटकासारखं दिसतं. सबटायटल्स लावाच. वाक्यं हळू आवाजात आहेत आणि मुद्दा बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटच्या शब्दात असतो.

शाईचा_डाग
मग अंतिम: १-१, १-६, १-१३, ४-७. शेवटच्या भागाआधी काय सांगू? एका संदेशात मावेल एवढंच हवं.

टंकगोळा
असं लिहा: डॉनचा घटस्फोट झालाय. जुनी एजन्सी सोडून भागीदारांनी नवी काढली आहे. डॉन हे त्याचं जन्मनाव नाही, कोरियन युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव त्याने घेतलं. त्या अधिकाऱ्याची पत्नी अ‍ॅना कॅलिफोर्नियात राहते, डॉनला खरं ओळखणारी तीच, आणि ती आजारी आहे. ग्लो-कोट या फरशीच्या पॉलिशच्या जाहिरातीचं बक्षीस डॉनने घेतलं, कल्पनेत पेगीचा वाटा होता. डक हा जुना सहकारी, पेगीशी त्याचे संबंध होते. बस. अ‍ॅनाचं पुढे काय होतं ते लिहू नका.

पंधरा_टक्के
ग्लो-कोटचं वाक्य गाळू नका. त्या रात्रीचं सगळं भांडण तिथूनच पेटतं. आभार का मानले नाहीत, असं पेगी विचारते आणि डॉन ओरडतो की पगार त्यासाठीच देतो. कमिशनच्या हिशेबात डॉनच्या शब्दांना वेगळी किंमत नव्हती, इथे पेगीच्या शब्दांना नाही.

शाईचा_डाग
पाठवलं. दोघांपैकी एकाने 'लेमन'चा प्रसंग बघितला, आता पहिला भाग पुन्हा लावतोय. सगळ्यांचे आभार.

दोन_कॉलम
उशिरा लिहितोय, तरी हे गटाला कळवा. पहिल्या भागात संध्याकाळी पेगी डॉनच्या हातावर हात ठेवते आणि तो बाजूला करतो. सूटकेसच्या शेवटी, सकाळी, स्वतः काढलेलं चित्र दाखवताना तो तिच्या हातावर हात ठेवतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. मग ती उठते, दार उघडं ठेवू की लावू विचारते. 'उघडं.' तुमच्या यादीत हे दोन भाग पहिले आणि शेवटचे आलेत, त्यामुळे सगळ्यांना त्याच क्रमाने बघायला सांगा.