मदत हवी आहे: जुनी गाडी गर्दीत थंड, मोकळ्या रस्त्यावर तापते

मंडळी,

गाडी जुनी आहे, पेट्रोल, रेडिएटर मूळचाच. दुखणं उलटं आहे म्हणून विचारतोय. गर्दीत, सिग्नलला, एसी लावून उभी असली तरी तापमानाचा काटा मध्यावर गप्प बसतो. पंखा वेळेवर लागतो, वेळेवर बंद होतो. पण मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने सलग चालवली आणि त्यात चढ लागला, की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. वेग कमी केला की उतरतो. हीटर पूर्ण लावला तरी थोडा उतरतो (भर उन्हाळ्यात हे औषध कोण घेणार, पण असो).

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलून झालाय. जुना गरम पाण्यात सोडून पाहिला, त्याच्यावर ८२ (अंश सेल्सिअस) छापलंय आणि उघडलाही साधारण तिथेच, म्हणजे दोष त्याचा नव्हता. रेडिएटरचं झाकण नवीन, ०.९ बारचं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नीट हवा काढून भरलंय. आधीच्या मालकाने बहुधा साधं पाणीच वापरलं असावं. जे निघालं ते तांबूस, गढूळ होतं.

मेकॅनिक म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवू. मला पटत नाही. कूलंटची पातळी हलत नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा चिकटा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. थंड इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू केलं तर बुडबुडेही नाहीत. हेडला हात लावण्याआधी अजून काय तपासू?

प्रतिसाद:

हेड राहू द्या. गॅस्केटची शंका मिटवायचीच असेल तर ब्लॉक टेस्ट करायला सांगा: रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव धरतात, सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं.

गर्दीत इंजिन फार उष्णता टाकत नाही, तेवढी पंखा निभावतो. वेगात वारा फुकट मिळतो, पण उष्णता कितीतरी जास्त असते. तिथे कमी पडतो तो रेडिएटर, नाहीतर पाण्याचा प्रवाह. तुमचं ते तांबूस पाणी वाचून माझा पहिला संशय रेडिएटरच्या नळ्यांवर. गाडी तापवून आणा, बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरभर फिरवा. चकचकीत धातूवर आकडा चुकतो, तेव्हा आकड्याकडे नाही, फरकाकडे बघा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारून बघा, तिथे किडे आणि धुळीचा थर साचतो.

दुसरं, रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी). बहुतेक गाड्यांत पंप याच होसमधून पाणी ओढतो. होस मऊ पडला असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर आरपीएम (इंजिनचे फेरे) चढले की तो चपटा होतो आणि आयडलला (अॅक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) परत फुगतो. त्यामुळे आयडलला बघून कधी सापडत नाही. एकाने ३००० आरपीएम धरायचे, दुसऱ्याने बघायचं. बाही आणि हात पंख्या-पट्ट्यापासून लांब. आणि गरम असताना झाकणाला हात नको!

यातून काही निघालं नाही तर पाण्याचा पंप उतरवा. पाती गंजून झिजली की आयडलला भागतं, वेगात नाही.

धागाकर्ता:

आभार. होस किंचित आत ओढला जातो, चपटा होत नाही. रेडिएटरच्या खालच्या भागात मात्र मधोमध चांगला हातभर पट्टा कोमट आहे, कडा गरम. फ्लश करून (आतून द्रव फिरवून धुऊन) भागेल का?

प्रतिसाद:

सापडलं तर मग. पूर्ण बुजलेल्या नळीत फ्लशचं द्रव शिरतच नाही, ते उघड्या नळ्यांतून पळून जातं. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर उतरवून टाक्या उघडा, सळई घालून नळ्या साफ होतात. अॅल्युमिनियमचा आणि प्लास्टिक टाक्यांचा असेल तर सरळ नवा बसवा. कूलंट काढणारच आहात, तर खालचा होसही त्याच वेळी बदला. आत ओढला जातोय म्हणजे तो मऊ पडलाय.