अगाथा क्रिस्टीच्या रहस्यकथा: छापल्या त्या क्रमाने की हाताला लागतील तशा?

हरिपूरकर:
सांगलीच्या वाचनालयातून पोरगी परवा 'कर्टन' घेऊन आली, आयुष्यातली पहिलीच क्रिस्टी, आणि मी ते काढून घेतलं म्हणून घरात अबोला चाललाय. पण माझं मत तेच आहे, ह्या बाईंची पुस्तकं छापून आली त्याच क्रमाने वाचावीत. १९२० च्या 'स्टाइल्स'मध्ये डिटेक्टिव्ह पॉयरो आणि त्याचा मित्र हेस्टिंग्ज आपल्याला पहिल्यांदा भेटतात, आणि १९७५ च्या पॉयरोच्या शेवटच्या 'कर्टन'मध्ये परत त्याच स्टाइल्स बंगल्यात, आता तिथं गेस्ट हाऊस झालंय, हेस्टिंग्जची बायको वारलीय, पॉयरो व्हीलचेअरवर. मधलं काहीच वाचलं नसेल त्याला त्या व्हीलचेअरचं काय वाटणार, सांगा बरं.

माहुली_घाट:
काका, असं केलं तर पोरगी 'कर्टन'पर्यंत पोचायची म्हातारपणी 😄 आमचं साताऱ्यातलं अर्धं वाचन रद्दीच्या दुकानातून, तिथं क्रम कुठला न काय कुठलं, जे मिळालं ते नशीब. आणि बाईंनी तरी कुठं क्रम पाळलाय? 'कर्टन' दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलेलं, छापलं तीसेक वर्षांनी. मग लिहिल्याचा क्रम धरायचा का छापल्याचा? पॉयरो १९२६ च्या 'रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्येच रिटायर होऊन गावात भोपळे लावत बसलाय, तिथनं पुढं त्याचं वय मोजलं तर गडी शंभरीपार जातो. त्याला वयच नाही हो, कुठनं पण धरा.

हरिपूरकर:
वयाचं सोडा. १९३७ च्या 'डम्ब विटनेस'मध्ये पॉयरो बोलता बोलता जुन्या चार पुस्तकातल्या खुन्यांची नावं घेऊन मोकळा होतो. एका वाक्यात चार पुस्तकं खल्लास! 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये एक सुरी दाखवतो आणि 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चं गुपित तिथंच फुटतं. ज्याला कुठनं पण धरायचंय त्याने ही दोन तरी मागं ठेवावीत, एवढं तर मान्य करा.

मिरजवाली:
तुम्ही दोघं पॉयरोवरच अडकलाय. टॉमी आणि टपेन्स ह्या गुप्तहेर जोडप्याची पाचच पुस्तकं आहेत, १९२२ मध्ये खिशात दमडी नसलेली तरुण पोरं, १९७३ पर्यंत नातवंडंवाली झालेली. ही दोघं खरोखर म्हातारी होत जातात, त्यामुळे तिथं क्रम हवाच (शेवटचं पुस्तक भिकार आहे पण, स्पष्ट सांगते). मिस मार्पलचं, म्हणजे क्रिस्टीच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हचं, अजून वेगळं. १९३० च्या 'मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज'मधली म्हातारी खवचट आहे, पक्षी बघायच्या नावाखाली दुर्बीण लावून अख्ख्या गावावर नजर. पुढं पुढं मवाळ होते, गावही बदलतं, १९६२ च्या 'मिरर क्रॅक्ड'पर्यंत आपल्या विश्रामबागसारखी नवी वस्ती उभी राहिलेली आणि जुन्यांची कुरकुर चालू. आणि 'अ कॅरिबियन मिस्टरी' न वाचता 'नेमेसिस' कुणी घेऊ नका, पहिल्यातले खडूस राफिएलसाहेब मेल्यावर पत्रानं मार्पलबाईंवर काम सोपवून जातात, ते आधी भेटलेच नसतील तर त्या पत्राला काही अर्थच नाही. मधली मार्पल कशीही वाचा, फरक पडत नाही.

माहुली_घाट:
ताई, राफिएलचं पटलं. पण खुनी कळला की मजा गेली हे काही पटत नाय. मला मिळालेल्या एका प्रतीत दुसऱ्याच प्रकरणात एका नावाखाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला 'हाच तो', वर दोन उद्गारचिन्हं. तरी शेवटपर्यंत वाचलं आणि उलट जास्त मजा आली, कारण बाई कुठं डोळ्यात धूळ फेकतायत, कुठलं वाक्य खरं असून आपण चुकीचं वाचावं म्हणून टाकलंय, ते सगळं दिसत जातं. 'अ‍ॅक्रॉइड' तर दुसऱ्यांदाच खरं वाचायचं पुस्तक आहे.

हरिपूरकर:
दुसऱ्यांदा वाचायला आधी पहिल्यांदा वाचावं लागतं राव. ती पहिली वेळ एकदाच मिळते, ती दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीनं का घालवायची?

कृष्णाकाठ:
मेरी वेस्टमॅकॉट ह्या नावाने बाईंनी सहा कादंबऱ्या लिहिल्यात त्याबद्दल कुणीच बोलेना. १९४४ ची 'अ‍ॅब्सेंट इन द स्प्रिंग' बघा, वाळवंटातल्या रेस्टहाऊसमध्ये अडकलेली एक बाई, गाडी येत नाही, वाचायला काही उरलं नाही आणि बसल्या बसल्या स्वतःच्या संसाराचा हिशोब लागत जातो. खून नाही, डिटेक्टिव्ह नाही. मी तर म्हणते सुरुवात इथूनच करा, मग रहस्यकथांमधल्या बायका वेगळ्याच दिसतील.

हरिपूरकर:
ताई, पुस्तक चांगलंच असणार, पण इथं खुनावरच अजून एकमत होईना. वेगळा धागा काढा, येतो तिकडं.