‘स्वतःला इजा’, ‘आत्महत्या’, ‘जीव नकोसा होणे’ : नेमके शब्द कोणते?

पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत संशोधन करणाऱ्या एका बाईंच्या प्रश्नावलीचे मराठी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. विषय आत्महत्या आणि स्वतःला केलेली इजा. काम जेमतेम चार पानांचे होते, पण दोन-तीन शब्दांपाशी आम्ही बरेच दिवस अडून राहिलो.

पहिली अडचण ‘सेल्फ-हार्म’ची. ऑक्सफर्डचे कीथ हॉटन आणि एकूणच ब्रिटिश संशोधक हा शब्द व्यापक अर्थाने वापरतात. मरण्याचा हेतू होता की नव्हता, हे त्यात गृहीत धरलेले नसते. हार्वर्डचे मॅथ्यू नॉक यांच्यासारखे अमेरिकी अभ्यासक मात्र मरण्याचा हेतू नसताना केलेली इजा वेगळी काढतात, आणि २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतही ती ‘अधिक अभ्यास आवश्यक’ अशा विकारांत स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. मराठीत ‘आत्मघात’ म्हटले की थेट मृत्यूच डोळ्यांपुढे येतो, ‘आत्मक्लेश’ला प्रायश्चित्ताचा आणि अलीकडे राजकारणाचा वास आहे, तर ‘स्वहानी’ कोणी बोलत नाही.

म्हणून आम्ही ‘स्वतःला इजा करून घेणे’ घेतले. चाचणीच्या वेळी एका गृहिणीने ‘तुम्ही कधी स्वतःला इजा करून घेतली आहे का?’ या प्रश्नावर सहज ‘हो’ म्हटले आणि मनगटावरचा तव्याचा डाग दाखवला. त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘हात भाजून घेतला’, ‘पाय मुरगळून घेतला’ असे आपण निष्काळजीपणाबद्दलही म्हणतो. ‘करून घेणे’ या क्रियापदात कर्त्याचा संबंध आहे, हेतू असेलच असे नाही. त्यामुळे प्रश्नात ‘मुद्दाम’ हा शब्द घालावा लागला आणि मरण्याच्या इच्छेचा प्रश्न त्यानंतर वेगळा विचारावा लागला.

दुसरा शब्द ‘नकोसा’. आत्महत्येचा धोका तपासणाऱ्या कोलंबिया मापनश्रेणीत पहिला प्रश्न मृत्यूच्या इच्छेचा, म्हणजे झोपावे आणि पुन्हा जागच येऊ नये असे वाटते का, असा असतो आणि जीव देण्याच्या विचाराचा प्रश्न त्यानंतर येतो. ‘जीव नकोसा होणे’ आणि ‘जीव द्यावासा वाटणे’ या दोन प्रयोगांत मराठीने हा फरक आधीच करून ठेवला आहे, याचे मला फार अप्रूप वाटले. मात्र उकाड्यानेही आपला जीव नकोसा होतो, म्हणून ‘मरण आले तर बरे, असे वाटते का?’ हा प्रश्न अधिक सुरक्षित ठरला. घरातली माणसे वापरतात तो ‘जिवाचे बरेवाईट करून घेणे’ हा प्रयोग मोजमापाला निरुपयोगी आहे, कारण त्यात इजा आणि मृत्यू दोन्ही मावतात. पण आईला मुलाबद्दलची भीती बोलून दाखवायला तोच शब्द जवळचा वाटतो, म्हणून मुलाखत घेणाऱ्याने तो ऐकला की तिथेच थांबून पुढचे विचारावे, असे मला ठामपणे वाटते.

‘आत्महत्या केली’ याबद्दल थोडेच लिहितो. गोहत्या, भ्रूणहत्या यांच्या पंक्तीत बसलेला हा शब्द गुन्ह्याची छाया घेऊन येतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ उरलेले नाही. तरी बातम्यांतला ‘अयशस्वी प्रयत्न’ अजून तसाच आहे. जीव वाचला त्याला अपयश म्हणणे मला असह्य वाटते. ‘प्रयत्नातून वाचले’ असे साधे लिहिता येते. आमच्या प्रश्नावलीत तसेच लिहिले आहे आणि तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे.

एक शब्द अजून अडला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ मध्ये आत्महत्येच्या मुळाशी असलेल्या असह्य मानसिक वेदनेला ‘सायकेक’ असे नाव दिले. ‘मनोवेदना’ बरोबर आहे, पण पुस्तकी वाटते. ‘घालमेल’ हलका पडतो. माझे मत ‘जिवाची तगमग’ला आहे. विदर्भात, कोकणात या अवस्थेला काय म्हणतात, ते जाणकारांनी कळवावे.