वॅट सोडा, आधी व्होल्टेज बघा
घरी गाणी ऐकायला कोणता अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा या चर्चेतलं '१०० वॅटच्या खालचा अ‍ॅम्प घेऊच नका' हे मत दहा बाय दहा फुटांच्या खोलीला तरी पटत नाही. आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे) छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्या, ३०-४० वॅट पुष्कळ होतात.

खेड्यातल्या व्होल्टेजबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. आमच्या यवतमाळकडे रब्बीत एकाच डीपीवरचे (गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) पंप सुरू झाले की घरातला पंखासुद्धा रेंगाळतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पची ताकदही तेव्हा उतरते अन् मोठ्याने लावलं की आवाज लवकर फाटतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएसवाला (मोबाइल चार्जरसारखा कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेणारा वीजपुरवठा असलेला) क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अ‍ॅम्प १८० व्होल्टलाही कुरकुरत नाही.

आणखी एक. दहा बाय दहासारखी लांबी-रुंदी समान असली की ५६ हर्ट्झच्या आसपासचा बास (खालचा, जाड आवाज) भिंतीपाशी डबल घुमतो आणि खोलीच्या मधोमध गायब होतो. खुर्ची या दोन्हींच्या दरम्यान सरकवून बघा. भिंतीला कापसाची गादी उभी केली तर टाळीचा खणखणाट कमी होतो, पण बासला ती पुरत नाही.