रान राखणाऱ्याला मोबदला द्यावा की कायद्याचा धाक पुरे?

रानवाट : दुर्मीळ जीव वाचला की फायदा सगळ्यांचा, पण जमीन अडकते एकट्या मालकाची. मग तो त्या जीवाचा वैरी होतो. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याखाली, जुन्या पाइनमध्ये ढोली करणाऱ्या एका सुतार पक्ष्याला संरक्षण आहे. पक्षी वस्तीला आला की तोडीवर बंधनं. म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या काही मालकांनी झाडं जुनी होण्याआधीच तोडून विकली. शेवटी १९९५ पासून सरकारला हमी द्यावी लागली, की रान नीट राखलंत आणि पक्षी वाढले, तर नवी बंधनं येणार नाहीत. कोस्टा रिका तर १९९७ पासून इंधनावरच्या करातून रानमालकांना पैसे देते. मला हीच वाट पटते.

नदीकाठ : कोस्टा रिकाची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याआधी १९९६ च्या वनकायद्यानं जंगल मोडून शेती-कुरणं करायला बंदी घातली होती. मग जंगल टिकलं ते पैशामुळे की बंदीमुळे? आणि ज्या उतारावर कुणी कुऱ्हाड नेणारच नव्हतं, तिथल्या मालकाला पैसे देऊन काय वाचलं?

पाणकळा : पण पैशाचा हिशेब कामी येतोच की. न्यूयॉर्क शहरानं पिण्याचं पाणी गाळायचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प टाळून, १९९७ च्या करारानुसार कॅट्सकिल डोंगरातलं पाणलोट राखायला पैसे लावले.

नदीकाठ : ते पाण्यासाठी. पाणी गाळायला कुठलंही दाट रान चालतं. त्यात दुर्मीळ बेडूक असो वा नसो. ज्याचा बाजारात काडीचा उपयोग नाही, त्या जीवाला तुमच्या हिशेबात जागाच नाही. त्याला कायदाच हवा.

सांजवेळ : आधी नासाडीला मिळणारी अनुदानं थांबवा! २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता करारात देशांनी निसर्गाला घातक अनुदानं २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनी कमी करायचं ठरवलंय. संवर्धनासाठी उभे करायचे आहेत २०० अब्ज. एका हातानं जाळायचं, दुसऱ्यानं विझवायचं, हे मला सहन होत नाही.

रानवाट : अनुदानांबद्दल शंभर टक्के सहमत. नदीकाठ, फुकट पैसे जातात हा आक्षेपही खरा आहे. पण त्यावर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २००१ मध्ये उपाय करून पाहिला : मालकांकडूनच बंद बोली मागवल्या, आणि कमी पैशात जास्त निसर्ग राखणाऱ्याला आधी निवडलं. बेडकाला त्यात गुण देता येतात. बंदी घालून बेडूक राहील, पण त्याचं डबकं राखायला माणूस कुठून आणणार?