न्यूटमध्ये मोठा तो नर? बहुतेकदा उलटंच

बरेच जण म्हणतात की जोडीतला मोठा दिसेल तो नर समजा, पण न्यूटच्या (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गटातला उभयचर प्राणी) बऱ्याच जातींत हे उलटं पडतं. ग्रेट क्रेस्टेड न्यूट घ्या, मादी साधारण १६ सेंमीपर्यंत जाते आणि नर तिच्यापेक्षा थोडा आखूडच राहतो. कारण सरळ आहे, मादीला पोटात अंडी वागवायची असतात, एका सीझनला २००-३०० अंडी, आणि ती पण एकेक करून पाण्यातल्या पानात गुंडाळून घालायची, म्हणजे तोवर बाकीची पोटातच. त्यामुळे तिचं धड लांब नि पोट फुगीर.

आता ग्रेट क्रेस्टेडच्या नराचा पाठीवरचा तो तुरा, फोटोत सगळे तोच बघतात, पण तो फक्त विणीच्या काळात असतो हो, नंतर जिरून जातो आणि मग ओळखताना गोची होते. त्यापेक्षा शेपटीच्या मुळाशी खालून बघा, नराचं क्लोएका (मलमूत्र आणि प्रजननाचं एकच द्वार) फुगलेलं असतं, मादीचं बरंच चपटं. पामेट न्यूटच्या नराला तर विणीच्या काळात शेपटीच्या टोकाला बारीक दोरा असतो आणि मागच्या पायांना काळे पडदे, तिथे चुकायला वावच नाही.

आणि हो, अमेरिकेतल्या रफ-स्किन्ड न्यूटचा नर पाण्यात मादीला वरून घट्ट कवटाळून धरतो, विणीच्या दिवसांत त्याची खरखरीत कातडी गुळगुळीत होते नि शेपटी रुंद होते. तुरा वगैरे भानगडच नाही. त्यामुळे जात कुठली ते आधी बघा, नुसत्या साइझवरून काही ठरवू नका.