मदत हवी आहे: आईची शुगर आणि आठवड्याचं इंजेक्शन

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आईला टाइप २ डायबिटीस आहे, ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू होती, आता डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलंय आणि ग्लिमेपिराइड अर्धी केली.

मला समजलं ते असं की जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हार्मोन सुटतं, ते स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि इन्सुलिन वाढतं, पण रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच, शिवाय पोटही हळू रिकामं होतं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ डीपीपी-४ एन्झाइममुळे २ मिनिटांत निम्मं संपतं, त्याच्यासारखंच काम करणाऱ्या सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, कमालच आहे खरंच! ग्लिमेपिराइड मात्र साखर कमी असली तरी इन्सुलिन सोडायला लावते, म्हणूनच डोस कमी केला ना?

आता अडचण अशी की आईला फार मळमळतं, सकाळचे पोहे दोन घास खाऊन बशी बाजूला सरकवते, जिलबीचं तर नावच नको, आणि अशक्तपणा येईल याची मला खूप काळजी वाटते. डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण तुमच्या घरी कोणी हे घेत असेल तर मळमळ किती दिवसांनी कमी झाली आणि शाकाहारी माणसाला प्रोटीनसाठी थोडं थोडं काय देता, प्लीज सांगा.